सेतू, पूल आणि बांध

उपनिषदांनी आत्म्याला सेतू म्हटले आहे. छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात, बृहदारण्यकाच्या चौथ्या अध्यायात आणि मुंडकोपनिषदातही हा शब्द येतो, आणि तिन्ही ठिकाणी तो इतक्या सहजपणे येतो की त्यात काही अडचण असेल अशी शंका वाचणाऱ्याला पहिल्या वाचनात येत नाही. अडचण मात्र आहे, आणि ती लहान नाही. सेतू म्हटला की त्याला दोन काठ आले, आणि दोन काठ आले की अलीकडून पलीकडे जाणे आले. मग ब्रह्म हाच जर सेतू असेल, तर त्याच्या पलीकडचा काठ कोणता? तो आहे असे मानावे तर ब्रह्माहून पलीकडचे आणखी एक तत्त्व पत्करावे लागते, आणि नाही म्हणावे तर सेतू हा शब्द उपनिषदाने उगाच वापरला असे म्हणण्याची पाळी येते. बादरायणांच्या ब्रह्मसूत्रांत तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात या शंकेसाठी एक स्वतंत्र अधिकरण, म्हणजे एकाच प्रश्नाभोवती गुंफलेला सूत्रांचा गट, राखून ठेवलेले आहे.

त्या अधिकरणातला पूर्वपक्ष, म्हणजे पुढे खोडून काढण्यासाठी आधी प्रामाणिकपणे मांडलेली विरोधी बाजू, चार कारणे देतो. ब्रह्माला सेतू म्हटले आहे, हे पहिले. त्याला चार पाद, सोळा कला अशी मापे दिली आहेत आणि मापलेली वस्तू कुठेतरी संपतेच, हे दुसरे. जीव झोपेत त्याच्याशी जोडला जातो आणि जोडणे दोन मर्यादित वस्तूंचेच होते, हे तिसरे. आणि सूर्यातला पुरुष व डोळ्यातला पुरुष असा भेद सांगितला आहे, हे चौथे. यांतले पहिले कारणच खरे वजनदार आहे, कारण उरलेली तिन्ही उपासनेच्या सोयीसाठी केलेली वर्णने म्हणून सोडवता येतात, आणि भाष्यकारांनी ती साधारण तशीच सोडवली आहेत. सेतू मात्र तसा सुटत नाही.

या वादाविषयी पुष्कळ लिहिले गेले असले, तरी सेतू नावाची वस्तू प्रत्यक्षात कशी उभी असते हे पाहून त्याकडे जाण्याचा प्रयत्न क्वचितच होतो. तसा प्रयत्न करायचा तर म्हैसूर शहरातील मंडी मोहल्ला ही त्यासाठी चांगली जागा आहे. मोहल्ल्यात नदी नाही. शहराच्या मध्यभागातली ही जुनी व्यापारी वस्ती, जिच्या नावातले मंडी आणि मोहल्ला हे दोन्ही शब्द मराठी कानाला परके नाहीत. परंतु येथून सुमारे पंधरा किलोमीटरवर श्रीरंगपट्टणचा दगडी पूल आहे, वीसेक किलोमीटरवर कन्नंबाडीचे कृष्णराजसागर धरण आहे, आणि पन्नासेक किलोमीटरवर मेलुकोटे, जिथे रामानुजाचार्यांनी आयुष्याचा बराच काळ घालवला. शिवाय मोहल्ल्यात एकाच वस्तूला दोन नावे ऐकू येतात: कानडी बोलणारा तिला ‘सेतुवे’ म्हणतो, दखनी बोलणारा ‘पुल’. पहिल्या नावात संस्कृत सेतू जसाच्या तसा आहे, दुसरे फारसी आहे, आणि मराठीने व्यवहारासाठी हे दुसरेच उचलले.

श्रीरंगपट्टणचा पूल १८०४ साली पुरा झाला. तो बांधवून घेणारे दिवाण पूर्णय्या देशस्थ माध्व घराण्यातले होते. हैदर आणि टिपू या दोघांच्या चाकरीनंतर बालराजा तिसरे कृष्णराज वडेयर यांचा कारभार त्यांनी १७९९ पासून १८११ पर्यंत पाहिला, आणि पुलाला त्यांनी नाव दिले ते त्या वेळच्या गव्हर्नर जनरल वेलस्लीचे. नाव परदेशी असले तरी बांधणी पूर्णपणे देशी आहे. कावेरीच्या पात्रात दगडी खांबांच्या रांगा, खांबांच्या माथ्यावरून दोन्ही अंगांना थोडे पुढे काढलेले आधारदगड, त्यांवर आडव्या दगडी तुळया आणि त्यांवर वाट. या प्रदेशातल्या देवळाचा मंडप पाहिलेल्या कोणालाही ही रचना ओळखीची वाटेल, कारण मंडप जमिनीवर ज्या पद्धतीने उभा राहतो त्याच पद्धतीने हा पूल पाण्यात उभा आहे.

अशा पुलाला तुळईचा पूल म्हणतात आणि पुलांच्या जातींत ही सर्वांत साधी. तुळई दोन टोकांना टेकलेली असते आणि वरून भार आला की ती किंचित वाकते. वाकताना तिची वरची बाजू आवळली जाते, तिथे दाब येतो. खालची बाजू ताणली जाते, तिथे ताण येतो. दगड दाब उत्तम सोसतो आणि ताण फारच थोडा सोसतो, म्हणून दगडी तुळई लांब करता येत नाही आणि दोन खांबांमधले अंतर, ज्याला मराठीत गाळा म्हणतात, आखूड ठेवावे लागते. पूर्णय्यांच्या पुलाला एवढे खांब का, याचे उत्तर इथे आहे. आणि पुढे काढलेल्या त्या आधारदगडांचे कामही शोभेचे नसून गाळ्याची लांबी दोन्हीकडून थोडी थोडी कमी करण्याचे आहे. लोखंड आणि पोलाद ताण सोसू लागले तेव्हा गर्डर लांब झाले, आणि त्रिकोणांची जाळी करून बनवलेल्या कैच्या आल्या, ज्यांत प्रत्येक पट्टी एक तर ताणलेली असते किंवा दाबलेली, आणि थोड्या लोखंडात मोठा गाळा पार होतो.

कमानीचा पूल दगडाच्या दुबळेपणावर दुसरा तोडगा काढतो. कमानीत ताण जवळपास उरतच नाही. प्रत्येक दगड शेजारच्याला दाबतो, तो पुढच्याला, आणि हा दाब वळत वळत काठापर्यंत जातो. मात्र त्याची किंमत काठाला मोजावी लागते, कारण कमान काठांना बाहेरच्या बाजूला रेटत असते, आणि तो रेटा झेलणारे काठाचे भक्कम बांधकाम, ज्याला अभियंते अबटमेंट म्हणतात, खचले तर कमान उघडते. झुलत्या पुलात सगळे उलट असते. तिथे दोर ताणलेले असतात, ते काठांना आत ओढतात, म्हणून दोरांची टोके काठात खोल गाडावी लागतात. वांद्रे-वरळी सागरी मार्गावर २००९ पासून वापरात असलेल्या पुलाच्या मुख्य गाळ्यांत तिरप्या तारा थेट उंच मनोऱ्यांना बांधलेल्या आहेत, तिथे ओढ मनोऱ्यावर येते आणि मनोरा ती खाली समुद्राच्या तळाला देतो. थोडक्यात, तुळई काठावर नुसती टेकते, कमान काठांना दूर लोटते आणि झुलता पूल त्यांना जवळ ओढतो. यावरून वेदान्ताच्या तीन मतांना, म्हणजे शंकराचार्य, रामानुज आणि मध्वाचार्य यांच्या मतांना, एकेक पूल वाटून देण्याचा मोह होणे शक्य आहे. तो टाळलेला बरा.

या सर्व जातींत एक गोष्ट समान आहे आणि प्रस्तुत वादाच्या दृष्टीने महत्त्वाची तीच. पूल दिसतो आडवा, पण त्याचे काम उभे असते. गाडीचे वजन वाटेवर येते, वाटेवरून तुळईवर, तुळईवरून बेअरिंगवर, बेअरिंगवरून खांबाच्या माथ्यावर, खांबातून पायात आणि पायातून खडकात जाते. चालणारा मनुष्य अलीकडून पलीकडे जातो. भार मात्र वरून खाली जातो, आणि पूल बांधणाऱ्याला चिंता असते ती या दुसऱ्या प्रवासाची. पुलाच्या खालच्या अंगाकडे वाटसरूचे लक्ष जात नाही, पण पूल बहुतेकदा दगावतो तो तिथेच. पुराचे पाणी खांबाशी अडून भोवरा घेते, पायाभोवतीची माती उकरून नेते, आणि वरची वाट धडधाकट दिसत असताना पाया उघडा पडतो. महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश काळातला दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन बसगाड्यांसह वाहने वाहून गेली. अंधारात वाट संपली आहे हे वरून येणाऱ्यांना कळण्याचा मार्गच नव्हता.

आता पूर्वपक्षाकडे पुन्हा पाहिले तर त्याची दृष्टी कोणाची आहे हे स्पष्ट होते. सेतू म्हणजे पलीकडे नेणारी वस्तू, ही व्याख्या वाटसरूची आहे. सेतू म्हणजे धरून ठेवणारी वस्तू, ही व्याख्या बांधणाऱ्याची. आणि उपनिषदाने स्वतः सेतू या शब्दाला लागून जो दुसरा शब्द ठेवला आहे तो विधृति, म्हणजे वेगवेगळे धरून ठेवणे, हाच आहे. हे लोक एकमेकांत मिसळून जाऊ नयेत म्हणून आत्मा त्यांच्यामध्ये सेतू होऊन राहिला आहे, असा छांदोग्याचा आशय आहे. ‘मिसळू नयेत म्हणून’ हे कारण पुलाची प्रशंसा करणाऱ्या नेहमीच्या भाषणांत बसत नाही. त्या भाषणांत पूल माणसे जोडतो, मने जोडतो, संस्कृती जोडतो. उपनिषदातला सेतू मात्र दोन लोकांना अलग राखतो.

हे वाटते तितके विचित्र नाही. पुलाच्या बांधणीतच अलगपणाची काळजी घेतलेली असते. लोखंडी वा काँक्रीटच्या तुळईचे एक टोक खांबावर पक्के धरलेले असते आणि दुसरे सरकू शकेल असे बेअरिंगवर ठेवलेले असते, कारण उन्हाने ती लांबते आणि थंडीत आखडते. दोन गाळ्यांच्या मध्ये एक्स्पान्शन जॉइंट नावाची फट सोडलेली असते, जिच्यावरून गाडी जाताना ठकठक असा आवाज येतो. फट कचऱ्याने बुजली किंवा बेअरिंग गंजून अडकले, की लांबू पाहणारी तुळई खांबाला रेटते आणि तडे जातात. दोन काठ एक करून टाकणारा पूल टिकत नाही. काठ दोन आहेत हे मान्य करणारा टिकतो. मार्टिन हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञाने १९५१ च्या एका व्याख्यानात, पूल आल्यावरच काठ काठ म्हणून समोर येतात, असा विचार मांडला होता. तो या बाजूने खरा आहे.

शंकराचार्यांचे उत्तर याच दिशेने जाते. त्यांच्या मते ब्रह्म आणि सेतू यांच्यात साम्य आहे ते केवळ धारणाचे, जगाला आणि त्याच्या मर्यादांना सावरून धरण्याचे. दृष्टान्तातली प्रत्येक गोष्ट ओढून आणायची म्हटली तर सेतू माती-लाकडाचा असतो म्हणून ब्रह्मही माती-लाकडाचे मानावे लागेल. रामानुज याहून पुढे जाऊन शब्दाच्या मुळाशी जातात: बांधणे या अर्थाच्या धातूपासून सेतू हा शब्द आला, तेव्हा चेतन-अचेतन असे सारे जे आपल्यात बांधून ठेवते, पण एकमेकांत कालवू देत नाही, ते सेतू. मेलुकोट्याच्या वाटेवर तोंडनूर येथे डोंगरांच्या खिंडीत एक मोठा जुना तलाव आहे आणि त्याचा बांध लोकपरंपरा रामानुजांच्याच नावाशी जोडते. परंपरा ऐतिहासिक असो वा नसो, ज्याने सेतूचा अर्थ बांधून ठेवणारा असा लावला त्याच्याच नावे लोकांनी बांध घालावा, ही गोष्ट नोंद करण्याजोगी आहे. मध्वाचार्यांच्या मतात तर भेद हीच वस्तुस्थिती: ईश्वर व जीव, ईश्वर व जड, जीव व जीव, जीव व जड, जड व जड असे पाच भेद नित्य मानले आहेत. माध्व पूर्णय्यांनी कावेरीत खांब रोवताना पंचभेदाचा विचार केला असेल असे कोणी म्हणणार नाही. त्यांना लष्कर आणि व्यापार पार न्यायचा होता.

तरीही शंकराचार्यांच्या उत्तरात एक सांधा सैल राहतो. छांदोग्यात पुढच्याच वाक्यात हा सेतू ओलांडल्यावर आंधळा आंधळा राहत नाही, जखमी जखमी राहत नाही, रात्र दिवसासारखी होते असे सांगितले आहे, आणि ओलांडणे आले की पलीकडचा काठ पुन्हा डोके वर काढतो. आचार्यांचा तोडगा चतुर आहे: एखाद्याने व्याकरण पार केले असे म्हणतात तेव्हा तो व्याकरणाच्या पलीकडे गेला असा अर्थ नसतो, व्याकरण त्याला आले असा असतो, तसेच सेतू तरणे म्हणजे सेतू मिळवणे. तोडगा शाब्दिक दृष्ट्या निर्दोष आहे, पण त्याने समाधान होत नाही. ज्या मजकुरात एक श्वास आधी जरा, मृत्यू, शोक, पुण्य आणि पाप यांना हा सेतू पार होऊ देत नाही असे सांगितले, त्याच मजकुरात लगेच माणूस तो पार करतो. एकच वस्तू एकाला अडवते आणि दुसऱ्याला वाट देते. पूल कोणाला अडवत नाही, भिंत कोणाला वाट देत नाही. मग उपनिषदाच्या डोळ्यांसमोर कोणती वस्तू होती?

उत्तर कावेरीच्या खोऱ्यातल्या कोणत्याही भातशेतात मिळते. शेताचा बांध पाणी अडवतो, दोन शेते वेगळी राखतो, आणि त्याच बांधावरून शेतकरी चालत जातो. अडवणे, वेगळे राखणे आणि वाट देणे ही तिन्ही कामे मातीची एकच उंच ओळ करते. संस्कृतातला जुना सेतू हा असाच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सेतू म्हणजे प्रामुख्याने पाणी अडवण्याची बांधकामे: तलाव, बंधारे, पाट. वाकाटक राजा प्रवरसेन याच्या नावावर असलेल्या, महाराष्ट्री प्राकृतातल्या ‘सेतुबंध’ या काव्यात वानर समुद्रात जे रचतात त्यालाही गाळे नाहीत, खांब नाहीत. डोंगर टाकून समुद्र भरत नेलेला तो बांध आहे, आजच्या बोलीत कॉजवे. बांधाला मोऱ्या पाडून खालून पाणी जाऊ दिले, मोऱ्या रुंद केल्या आणि मधली माती जाऊन नुसते खांब उरले, की त्याचा पूल होतो. रचनेच्या अंगाने पाहिले तर पूल हा पोखरलेला बांध आहे, आणि पोखरताना त्याचे अडवण्याचे काम गेले, चालू देण्याचे तेवढे राहिले. पूर्वपक्षाची सगळी अडचण या उरलेल्या अर्ध्या अर्थातून जन्मते.

म्हैसूरच्या परिसरात हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी उभे आहेत. सतराव्या शतकातले कंठीरव नरसराज वडेयर यांच्या नावे सांगितला जाणारा बंगारदोड्डी कालवा कावेरीचेच पाणी कावेरीवरून उचलून श्रीरंगपट्टणला नेतो. तिथे पुलावरून चालते ते पाणी. आणि कन्नंबाडीला १९११ मध्ये काम सुरू झालेले, सिमेंटऐवजी सुरखीच्या चुन्यात बांधलेले धरण म्हणजे जुन्या अर्थाचा सेतूच. त्याचे अभियंते विश्वेश्वरय्या पुण्यात शिकले आणि मुंबई इलाख्याच्या नोकरीत खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवून मग म्हैसूरला गेले. पुरेसे पाणी अडवायचे आणि जास्तीचे जाऊ द्यायचे, ही त्या दरवाज्यांची कल्पना छांदोग्यातल्या सेतूच्या फार जवळची आहे.

दुसऱ्या धर्मांतले परलोकीचे पूल याहून वेगळे आहेत. मंडी मोहल्ल्यात दखनी बोलणाऱ्याच्या तोंडी पुल-सिरात येतो तो नरकावरून स्वर्गाकडे जाणारा, केसाहून बारीक आणि तलवारीहून धारदार असा कल्पिलेला पूल. तिथे पलीकडचा काठ खरा आहे आणि सगळा प्रश्न चालणाऱ्याच्या आचरणाचा आहे. पारशी परंपरेतला चिन्वत पूल पुण्यवंतासाठी रुंद आणि पाप्यासाठी अरुंद होतो, आणि त्याच्या नावाचा अर्थच निवड करणाऱ्याचा पूल असा घेतला जातो, म्हणजे वेगळे करणे तिथेही आहे. पण हे पूल कशावर टेकले आहेत असा प्रश्न त्या परंपरांत फारसा विचारला जात नाही, आणि विचारण्याचे कारणही नाही, कारण तिथे पूल ही कसोटी आहे, आधार नव्हे.

मराठी संतांनी पुलापेक्षा नाव आणि तारू अधिक पसंत केले. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात मायेच्या नदीचे दीर्घ रूपक आहे, त्यात आपापल्या साधनांनी नदी पार करू पाहणारे नाना प्रकारचे लोक बुडतात, आणि शेवटी सर्वभावे भजणारे तेवढे तरतात. पण ते तरतात म्हणजे पलीकडे पोचतात असे नाही, तर अलीकडच्या काठावरच त्यांच्यापुरते पाणी संपते. पलीकडचा काठ नाही हे शंकराचार्यांना व्याकरणाच्या उदाहरणाने सिद्ध करावे लागले. ज्ञानेश्वरांनी नदीच आटवली. काव्य म्हणून हे उत्तर श्रेष्ठ आहे यात शंका नाही. तत्त्वविचार म्हणून मात्र त्यात एक गोष्ट निसटते: नदी आटल्यावर जग धरून ठेवणारे काय, हा प्रश्न, जो सेतू या शब्दाने जिवंत ठेवला होता.

आजच्या मराठीत सेतूची अवस्था चमत्कारिक आहे. नदीवर असतो तो पूल, ओढ्यावर असतो तो साकव किंवा मोरी, आणि खर्च पुष्कळ झाला की तोच सागरी सेतू किंवा अटल सेतू होतो. उत्पन्नाचा दाखला काढायला लोक जातात तेही सेतू केंद्र. या साऱ्यांत अडवणे-धरणे हा अर्थ कुठेच नाही, आणि उपनिषदांच्या मराठी वाचकाच्या मनात सेतू शब्दाने जे चित्र उभे राहते ते पुलाचेच असते. म्हणून छांदोग्याचे यापुढे मराठी भाषांतर करणाऱ्याने सेतू हा शब्द तसाच ठेवावा, आणि तळटीप द्यायचीच झाली तर तिच्यात पूल असे न लिहिता बांध असे लिहावे.